चर्च वाचले, पण माणसाचे काय?



मुलांच्या युद्धखेळांविषयी आपल्या पालकसभांत नेहमी बोलले जाते, पण चर्चा वेळेपाशीच थांबते. किती तास खेळतो, परीक्षा जवळ आली, डोळे बिघडतील. २०१९ मध्ये राजकोटला पोलिसांनी पबजी खेळणाऱ्या तरुणांना अटकही केली होती. २०२० मध्ये इतर चिनी ॲप्सबरोबर केंद्र सरकारने पबजी मोबाइलवर बंदी आणली आणि पुढच्याच वर्षी तो खेळ नव्या नावाने परत आला. बंदी येते, उठते. मुले खेळत राहतात. म्हणून आज घड्याळाचा विषय बाजूला ठेवू आणि खेळताना मुलाची नजर कशी घडते, तेवढेच पाहू.

उदाहरणासाठी एकच खेळ घेते: ‘कॉल ऑफ ड्यूटी ४: मॉडर्न वॉरफेअर’. अमेरिकेतल्या इन्फिनिटी वॉर्ड कंपनीचा हा खेळ नोव्हेंबर २००७ मध्ये आला. या मालिकेतले आधीचे मुख्य खेळ दुसऱ्या महायुद्धावर होते. याने युद्ध आजच्या काळात आणले. खेळणारा सैनिकाच्या डोळ्यांनी पाहतो. पडद्यावर आपले हात, आपली बंदूक आणि समोर शत्रू. अमेरिकेत हा खेळ सतरा वर्षांवरील मुलांसाठी ठरवला गेला. याच मालिकेची मोबाइल आवृत्ती २०१९ मध्ये आली आणि ती आज आपल्या घरांत बारा-तेरा वर्षांची मुलेही खेळतात.

२००७ च्या त्या खेळात एक मोहीम आहे. रात्रीची वेळ, खेळणारा तोफा बसवलेल्या विमानात, जमिनीपासून उंचावर. पडदा काळा-पांढरा. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात माणसे पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात. आपल्या माणसांवर लुकलुकणारी खूण असते, बाकीच्यांवर मारा करायचा. विमानातले सहकारी शांत आवाजात शाबासकी देत राहतात. खाली गावात एक चर्च आहे आणि त्यावर मारा करायचा नाही, असा हुकूम आहे. हुकूम मोडला तर मोहीम फसते.

दृढीकरणाच्या वर्गात एका मुलाने हे मला मोठ्या कौतुकाने सांगितले. “बाई, चर्चला धक्का लावता येत नाही!” त्याला वाटले, मला आनंद होईल. मी विचारले, “आणि चर्चच्या बाहेर जे पळत होते, ते कोण?” तो म्हणाला, “ते? ते एनिमी.” वर्ग शांत झाला नाही, कुणाला त्यात काही खटकलेही नाही. माझी चिंता तिथूनच सुरू होते.

आपण मुलांना उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून शिकवतो की देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केले. चर्चच्या भिंती माणसांनी बांधल्या. त्या भिंतींबाहेर पळणारा तो माणूस देवाची निर्मिती आहे. खेळाच्या नियमात भिंत पवित्र ठरते आणि माणूस ठिपका ठरतो. हा क्रम उलटा आहे.

गेथशेमाने बागेतला प्रसंग आठवा. पेत्राने तलवार उपसली आणि प्रमुख याजकाच्या दासाचा कान कापला. योहान त्या दासाचे नाव मुद्दाम नोंदवतो: मल्ख. लूक सांगतो की प्रभूने त्याच्या कानाला स्पर्श करून तो बरा केला. आपल्याला धरायला आलेल्या टोळीतल्या माणसालाही शुभवर्तमानात नाव आहे, जखम आहे आणि ती जखम बरी करणारा हात आहे. मॉडर्न वॉरफेअरमध्ये शत्रूच्या जखमेला काय अर्थ आहे? खाली पडलेला शत्रू कधी कधी सरपटत पिस्तूल काढतो आणि गोळी झाडतो. म्हणजे जखमी माणूस दिसला की आधी पुन्हा गोळी घालावी, हे बोटांना आपोआप शिकवले जाते. हात वर करून शरण येण्याची सोय तर त्याला जवळजवळ नाहीच.

असे खेळ खेळून मुले खुनी होतात, असा माझा दावा नाही. तसे सरसकट म्हणणे मुलांवर अन्याय आहे. याच खेळात एक वेगळा भागही आहे. अणुस्फोटानंतर खेळणारा सैनिक कोसळलेल्या हेलिकॉप्टरमधून सरपटत बाहेर येतो, उद्ध्वस्त शहर पाहतो आणि मरतो. काहीही केले तरी तो वाचत नाही. तिथे खेळ युद्धाविषयी खरे बोलतो. पण ते दुःख आपल्या सैनिकाच्या वाट्याला येते. विमानातून दिसलेल्या ठिपक्यांसाठी तसे दोन मिनिटे थांबणे नाही.

यावर उपाय नाही असेही नाही. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने या खेळांवर बंदी मागितली नाही. खऱ्या युद्धासारखे खेळ करणार असाल तर युद्धाचे नियमही त्यात आणा, नियम मोडल्यास त्याचा परिणाम दाखवा, एवढेच तिचे म्हणणे होते. चेक प्रजासत्ताकातल्या एका कंपनीने २०१७ मध्ये ‘ॲर्मा ३’ या आपल्या युद्धखेळात तसा भाग जोडला. त्यात खेळणारा युद्धानंतर गावात राहिलेले सुरुंग काढणारा मदतकार्यकर्ता असतो. १९४९ च्या जिनिव्हा करारांनी जखमी, युद्धकैदी आणि सामान्य नागरिक यांना संरक्षण दिले आहे. आपल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातही (परिच्छेद २३१३) नागरिक, जखमी सैनिक आणि कैदी यांना माणुसकीने वागवावे, असे स्पष्ट शिकवले आहे.

आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर आहे. लष्करात नोकरी केलेली माणसे आपल्या शेजारी राहतात. अशाच एका निवृत्त काकांनी नातवाचा खेळ थोडा वेळ पाहिला आणि विचारले, “अरे, यात स्ट्रेचर कुठे आहे?” नातवाला प्रश्नच कळला नाही. ज्याने खरी लढाई जवळून जाणली, त्याच्या डोळ्यांनी सगळ्यात आधी स्ट्रेचर शोधले. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने आपल्याकडे आलेल्या सैनिकांना शिपाईगिरी सोडायला सांगितले नव्हते. कुणाला लुबाडू नका, खोटे आरोप करू नका, असे सांगितले. हातात शस्त्र असतानाही माणूस दिसला पाहिजे, ही अपेक्षा तेव्हाही होती.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. लहान मुलांना हे खेळ देऊ नका. वयाची अट ठरवून दिलेलीच आहे. मोठी मुले खेळत असतील तर मोबाइल हिसकावण्याआधी एकदा शेजारी बसा. विचारा: हा समोरचा कोण आहे? तो शरण आला तर काय करशील? तो जखमी आहे, त्याला कोण उचलणार? उपदेश करू नका, उत्तराची वाट पाहा. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत, ज्या देशांत आज खरोखर बॉम्ब पडत आहेत तिथल्या लोकांसाठी, दोन्ही बाजूंच्या सैनिकांसाठी, एक विनंती मुलालाच म्हणू द्या. बोटांना जे शिकवले जाते, त्याला ओठांनी आणि हृदयाने दिलेले ते उत्तर असेल.

हे प्रभू, मल्खाचा कान बरा करणाऱ्या, आमच्या मुलांच्या नजरेला तुझी नजर दे. ज्यांना आम्ही शत्रू म्हणतो, त्यांचाही चेहरा आम्हाला दिसू दे. आमेन.