तराजू कोणाच्या हाती?

मोरोक्कोचे उद्योगपती अझीझ अखन्नूश यांचे चरित्र कर्तृत्वाचा आलेख म्हणून सांगितले जाते. १९६१ साली तफ्राउत येथे जन्म, कॅनडात व्यवस्थापनाचे शिक्षण, वडिलांच्या इंधन-व्यवसायाचा 'अक्वा' या बलाढ्य उद्योगसमूहात विस्तार, २००७ मध्ये कृषिमंत्रिपद आणि २०२१ मध्ये पंतप्रधानपद! या आलेखाकडे तेथील सामान्य ग्राहकाच्या बाजूनेही पाहणे अगत्याचे आहे.

२०१५ हे वर्ष त्या दृष्टीने निर्णायक ठरले. मोहम्मदियाचा एकमेव तेलशुद्धीकरण कारखाना त्या वर्षी बंद पडला आणि डिसेंबरात सरकारने पेट्रोल-डिझेलच्या किमतींवरील नियंत्रण उठवले. त्या मंत्रिमंडळात अखन्नूश होते, आणि 'अक्वा'ची 'आफ्रिकिया' ही कंपनी इंधन-विक्रीत अग्रेसर होती. २०१८ मध्ये महागाईने गांजलेल्या लोकांनी तीन कंपन्यांच्या मालावर बहिष्कार पुकारला. 'आफ्रिकिया' त्यांपैकी एक. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पर्धा परिषदेने स्पर्धाभंगाच्या प्रकरणी नऊ इंधन कंपन्यांकडून तडजोडीपोटी सुमारे १८४ कोटी दिरहम वसूल केले. त्यांतही 'आफ्रिकिया' होती, आणि तेव्हा तिचे मालक देशाचे पंतप्रधान होते.

पंतप्रधान होताच आपण उद्योगाच्या व्यवस्थापनातून दूर होत असल्याचे अखन्नूश यांनी जाहीर केले होते, हे खरे. पण खुर्ची सोडल्याने मालकी सुटत नाही. मालाचा धनीच तराजू धरू लागला, तर तो कितीही सचोटीचा असो, गिऱ्हाइकाने मापावर विश्वास ठेवावा कसा?

मतपेटी हा यावरचा उपाय आहे, असे म्हटले जाईल. २०२१ च्या निवडणुकीत ३९५ पैकी १०२ जागा जिंकून अखन्नूश यांचा पक्ष पहिला आला, हेही सत्य आहे. परंतु तेथील मतपेटीचा हात राजवाड्यापर्यंत पोहोचत नाही. २०११ च्या राज्यघटनेनुसार पहिल्या क्रमांकाच्या पक्षातून पंतप्रधान नेमतो तो राजा, आणि मंत्रिपरिषदेचे अध्यक्षस्थानही त्याचेच. राजघराणे स्वतः 'अल मदा' या अवाढव्य गुंतवणूक कंपनीचे धनी आहे. धनिक मंत्री अशा सिंहासनाच्या फार उपयोगी पडतो: धोरण कोणाचेही असो, रोष त्याच्या वाट्याला येतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये याचेच प्रत्यंतर आले. अखन्नूश ज्या शहराचे नगराध्यक्षही होते, त्या अगादीरच्या सरकारी रुग्णालयात प्रसूतीसाठी आलेल्या स्त्रिया दगावल्या. विश्वचषकासाठी क्रीडांगणे उभारणाऱ्या देशात रुग्णालयांची ही दशा का, असे विचारत तरुण रस्त्यांवर उतरले. सरकार बडतर्फ करावे, ही मागणी मात्र त्यांना राजापुढेच मांडावी लागली. मंत्र्याला जाब विचारण्यासाठी प्रजेला सिंहासनाकडे अर्ज करावा लागतो, तोवर मंत्री व्यापारी असो वा विद्वान, प्रजेची नागरिक होण्याची वाट अडलेलीच राहील. मालकी आणि मंत्रिपद यांची फारकत तर व्हावीच. पण तराजू जनतेच्या हाती आल्यावाचून न्याय्य माप पदरी पडणार नाही.