शब्द एक, घरे दोन

आमची अक्का डोंबिवलीला राहते आणि तिचा मुलगा अमेरिकेत, न्यू जर्सीला. भाऊ मराठीचा व्याख्याता असल्यामुळे जगातला कोणताही शब्द अडला की तो मला विचारावा, असा तिचा शिरस्ता आहे. श्रावणातल्या एका रविवारी सकाळी तिचा फोन आला. "अरे, याच्या कंपनीचं रिऑर्गनायझेशन होणार म्हणतो. म्हणजे काय रे?"

मी नुकताच चहाचा कप हाती घेऊन वर्तमानपत्र उघडले होते. "पुनर्रचना!" मी तात्काळ उत्तर दिले. "दिवाळीआधी आपण घर आवरतो ना, तसं. माळ्यावरचं खाली, खालचं माळ्यावर. चांगलंच आहे की!"

अक्काचे समाधान झाले. इतके झाले की, 'तुझ्याजवळचे कंपनीचे शेअर्स विकू नकोस, मामा म्हणतो चांगलंच होणार आहे,' असा निरोप तिने मुलाला धाडला. रात्री भाच्याचा फोन. "मामा, तू आईला काय सांगून ठेवलंस? कंपनी चॅप्टर इलेव्हनमध्ये गेली आहे. दिवाळं! आणि घरासाठी जमवलेले निम्मे पैसे माझे त्या शेअर्समध्ये आहेत."

वाचकहो, वीस वर्षे मुलांना शब्दार्थ शिकवले, पण एखाद्या शब्दाच्या अर्थाने माझी झोप उडवल्याचा तो पहिलाच प्रसंग. दुसऱ्या दिवशी वाणिज्य शाखेच्या सहकाऱ्यांना गाठले, त्यांच्याकडून पुस्तके आणली आणि आपण काय घोटाळा केला ते समजून घेतले. अमेरिकन कायद्यात हा शब्द एक असला तरी त्याची घरे दोन आहेत. एक दिवाळखोरीच्या कायद्यात, दुसरे प्राप्तिकराच्या. आणि या दोन घरांतल्या चालीरीती अगदी निराळ्या!

पहिले घर आधी पाहू. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रेल्वे कंपन्या भराभर निघाल्या आणि त्यांतल्या पुष्कळशा बुडाल्याही. धनकोंपुढे प्रश्न पडला: रूळ उखडून भंगारात घातले तर हाती येणार किती? त्यापेक्षा गाडी धावती राहिली तर निदान चार पैसे सुटतील. म्हणून न्यायालयाच्या देखरेखीखाली कंपनी चालू ठेवायची आणि देण्याघेण्याची मांडणी नव्याने करायची, अशी रीत पडली. 1978 च्या दिवाळखोरी कायद्यातले अकरावे प्रकरण, म्हणजेच ते चॅप्टर इलेव्हन, हे त्याच रीतीचे आजचे रूप.

कंपनीने न्यायालयात अर्ज दिला की त्या क्षणापासून बहुतेक सर्व वसुली थांबते. दारात बसलेल्या धनकोंना उठावे लागते. कारभार साधारणपणे जुन्याच मंडळींच्या हाती राहतो आणि त्यांनी कर्जफेडीची योजना मांडायची असते. धनकोंचे गट पाडून त्यावर मतदान होते. एखाद्या गटाची संमती मिळाली असे म्हणायचे, तर मत देणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक धनको अनुकूल हवेत आणि त्यांच्या येण्याची रक्कम दोनतृतीयांश तरी भरली पाहिजे.

खरी मेख पुढे आहे. ही लग्नातल्यासारखी पंगत असते. पहिल्या पंगतीला तारण घेऊन कर्ज देणारे. मग न्यायालयीन खर्च, ठरावीक मर्यादेपर्यंत नोकरांचे थकलेले पगार आणि काही सरकारी देणी. त्यानंतर विनातारण उधारी देणारे. सर्वांत शेवटी भागधारक. वरच्या पंगतीचे पोट भरल्याशिवाय, अथवा तिने राजीखुशीने मान्यता दिल्याशिवाय, खालच्या पंगतीला वाढायचे नाही. पुष्कळदा शेवटच्या पंगतीपर्यंत पातेले रिकामे झालेले असते. धनकोंना कर्जाच्या बदल्यात नवे शेअर्स मिळतात, ते मालक होतात आणि जुने शेअर्स रद्द होतात. कारखान्याचा भोंगा मात्र रोजच्या वेळेला वाजतो!

आता दुसरे घर. अमेरिकेच्या प्राप्तिकर कायद्यातल्या 368 व्या कलमात पुनर्रचनेचे सात प्रकार दिले आहेत आणि त्यांना 'ए' पासून 'जी' पर्यंत अक्षरे आहेत. दोन कंपन्यांचे विलीनीकरण, शेअर्सच्या बदल्यात शेअर्स, नुसता नावागावातला बदल, असे ते प्रकार. इथे दिवाळ्याचा संबंध असलाच पाहिजे असे नाही. चांगल्या धष्टपुष्ट कंपन्याही पुनर्रचना करतात. तुमच्याकडचा जुना शेअर गेला आणि त्याऐवजी नवा आला, तर तुम्ही काही पैसे घेऊन घरी गेला नाहीत. तुमची मालकी नव्या वेषात तशीच आहे. म्हणून त्या घडीला कर नाही. माफ नव्हे हं, पुढे ढकललेला. पुढे शेअर विकाल तेव्हा जुन्याच खरेदीकिमतीवरून हिशोब होईल.

गंमत लक्षात आली ना? कराच्या घरात जुना मालक टिकून राहणे ही पुनर्रचनेची अट, तर दिवाळखोरीच्या घरात बहुधा तोच बाहेर पडतो. मग बुडीत कंपनीची पुनर्रचना कराच्या घरात शिरणार कशी? यावर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1942 मध्ये तोड काढली. कंपनी नादार झाली आणि धनकोंनी तिचा ताबा मिळवण्यासाठी पावले उचलली की मालकाच्या जागी धनकोच आले असे समजायचे. पुढे 1980 च्या कायद्याने खास दिवाळखोरीतल्या पुनर्रचनेसाठी तो 'जी' प्रकार घातला. एरवी कर्ज माफ झाले की ती रक्कम उत्पन्न धरून तिच्यावर कर बसतो. दिवाळखोरीत तो बसत नाही, पण पुढच्या नफ्यातून वळते करून घ्यायचे जुने तोटे त्या मानाने कापले जातात.

या शब्दाचा आडोसा घेणारेही निघाले. श्रीमती एव्हलिन ग्रेगरी या बाईंना आपल्या कंपनीकडचे दुसऱ्या एका कंपनीचे 1,000 शेअर्स लाभांशावरचा कर चुकवून स्वतःकडे घ्यायचे होते. 18 सप्टेंबर 1928 रोजी त्यांनी एक नवी कंपनी काढली, तीन दिवसांनी शेअर्स तिच्या नावे केले आणि 24 तारखेला ती कंपनी मोडून शेअर्स पदरात घेतले. बाळ सहा दिवसांचे! कलमाचे अक्षरन् अक्षर पाळले होते. पण 1935 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले की यात धंद्याचा हेतूच नाही, म्हणून ही पुनर्रचना नव्हे. शब्द पाळला, अर्थ मोडला. भाषेच्या मास्तराला याहून चांगला धडा कोणता?

आपल्याकडे 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत अशीच योजना मांडता येते, तिला धनकोंच्या समितीची 66 टक्के मते लागतात. मात्र योजना संमत झाली म्हणजे कंपनी तरलीच असे नव्हे. जेट एअरवेजची योजना 2021 मध्ये मंजूर झाली, ती अमलात आली नाही आणि नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा हुकूम दिला.

असो. मी अक्काला फोन करून चूक कबूल केली आणि तो पंगतीचा दाखला दिला. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे घर तेच, भाडेकरू तेच, मालक तेवढा बदलला. मग घर आवरणं काय म्हणून सांगितलंस रे?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. भाच्याने त्याच आठवड्यात शेअर्स विकून टाकले. आले ते थोडेच; पण नोकरी अजून शाबूत आहे. घराचा विचार दोन वर्षे पुढे गेला.

परवा अक्काचा पुन्हा फोन. "अरे, रिस्ट्रक्चरिंग म्हणजे काय रे?"

मी म्हणालो, "अक्का, उद्या सांगतो."