सोय कोणाची?

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या २६ व्या कलमाने घटस्फोटितांच्या मुलांचा ताबा ठरविण्याचा अधिकार न्यायालयास दिला. परंतु दुसऱ्या पालकाने मुलास केव्हा भेटावे, हे पुष्कळदा मोघमच राहते. मुलाला आईबाप दोघांच्याही मायेचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली यशिता साहू खटल्यात बजावले. ते योग्यच झाले. पण ‘सोयीनुसार भेट’ म्हणजे सोय कोणाची? वार, तास, ने-आण कोणी करावयाची, दिवाळी कोणाकडे, उन्हाळ्याची सुटी कशी वाटावयाची, हे सारे हुकुमातच लिहिले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मूल वाढेल तसा हुकूम बदलण्याची मुभा तेच कलम देते. आज मात्र रविवारी नवे कपडे घालून दारात बसलेल्या मुलाला, कोणी येणार की नाही, हेच ठाऊक नसते.