माणसे मोजली, जमीन कोणी मोजली?

अमेरिकेच्या आलाबामा राज्यात, मॉण्टगोमेरी व सेल्मा या दोन शहरांच्या मध्ये लाउंड्स नावाची एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे राज्याच्या खालचा प्रशासनाचा घटक. ही काउंटी विस्ताराने आपल्याकडील एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी, सुमारे १,८५० चौरस किलोमीटर आहे. २०२० च्या शिरगणतीत तिची लोकसंख्या १०,३११ भरली. म्हणजे एका चौरस किलोमीटरात सहा माणसेही नाहीत. हेनविल हे तिचे मुख्य ठिकाण, पण तेही एक खेडेच. विरळ वस्तीचा ग्रामीण मुलूख, एवढे सांगून भूगोलाचे पुस्तक पुढे जाते. जणू काही हा विरळपणा तेथील हवापाण्याचाच गुण असावा! आमचे म्हणणे असे की, हा विरळपणा निसर्गाने दिलेला नसून माणसांनी घडविलेला आहे. आणि एकदा घडविल्यावर तो तेथील दुर्बलांच्याच विरुद्ध वापरण्यात आला आहे.

त्या प्रदेशाची माती काळी, चिकट व कसदार आहे. वऱ्हाडातील काळे रान ज्याने पाहिले आहे त्याला या मातीचे मोल सांगावयास नको. या मातीत कापूस पिकतो म्हणूनच एकोणिसाव्या शतकात गोऱ्या मळेवाल्यांनी येथे हजारो गुलाम आणले. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. पण जमीन मात्र गोऱ्यांकडेच राहिली. मुक्त झालेला माणूस त्याच शेतावर बटाईदार झाला आणि कर्जाच्या वहीने पुन्हा बांधला गेला. १९०० साली या काउंटीत ३५,६५१ माणसे राहत होती व त्यांतील फार मोठी संख्या कृष्णवर्णीयांची होती. पुढे बोंडातील किडीने कपाशी खाल्ली, शेतात यंत्रे आली, आणि गोऱ्यांचा जुलूम तर होताच. ज्याला जमीन नाही, मत नाही व न्याय नाही, त्याने त्या भूमीवर कशासाठी राहावे? माणसे उत्तरेकडील शहरांत निघून गेली. १९६० साली लोकसंख्या १५,४१७ वर आली. नकाशावरील मोकळी जागा ही अशी मोकळी झालेली आहे.

या काउंटीची खरी मोजणी करण्याचा एक प्रयत्न १९०६ साली झाला होता. थोर कृष्णवर्णीय विद्वान डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी सरकारच्या श्रमखात्यासाठी तेथे पाहणी केली. त्यांनी केवळ डोकी मोजली नाहीत. जमीन कोणाची, कुळाचे व मालकाचे संबंध कसे, राजकीय सत्ता कोणाच्या हाती, कुटुंबांचे जीवन कसे, हेही त्यांनी तपासले. तो अहवाल सरकारने कधीच प्रसिद्ध केला नाही. पुढे त्याचे हस्तलिखितही नष्ट करण्यात आले. माणसांचे आकडे छापावयास सरकारला अडचण नव्हती. जमिनीच्या आकड्यांची मात्र होती. याच डु बॉइस यांना १९४६ साली परमपूज्य बाबासाहेबांनी पत्र लिहिले होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रसंघाकडे आपले गाऱ्हाणे नेत आहेत, हे कळल्यावर त्या निवेदनाविषयी त्यांनी विचारणा केली होती. दोन खंडांतील पीडितांचे दुखणे एकच आहे, हे त्या दोघांनी ओळखले होते.

संख्या असली म्हणजे सत्ता येते, असे आमच्यातील काहींना वाटते. त्यांनी लाउंड्सचा १९६५ चा हिशेब पाहावा. शंभरांत सुमारे ऐंशी माणसे कृष्णवर्णीय. परंतु त्या वर्षाच्या आरंभी मतदारयादीत त्यांच्यापैकी एकाचेही नाव नव्हते. उलट गोऱ्यांची जेवढी प्रौढ माणसे होती, त्यांहून अधिक गोरी नावे यादीत होती! ऑगस्ट १९६५ मध्ये मतदान-हक्काचा कायदा झाला. लोकांनी नावे नोंदविली. तेव्हा जमीनमालकांनी त्यांना घराबाहेर काढले. वर्षाच्या अखेरीस ती कुटुंबे हमरस्त्याच्या कडेला तंबू ठोकून राहू लागली. गावाचा बहिष्कार सोसलेल्या आमच्या वाचकांना ही कथा परकी वाटू नये.

तरीही ती माणसे हटली नाहीत. १९६६ साली त्यांनी स्वतःचा पक्ष उभारला व त्यासाठी काळ्या पँथरचे चिन्ह घेतले. त्या वर्षी त्यांचे सर्व उमेदवार पडले. परंतु १९७० साली त्यांच्यातीलच जॉन ह्यूलेट काउंटीचे शेरीफ म्हणून निवडून आले. तेच चिन्ह पुढे कॅलिफोर्नियातील ब्लॅक पँथर पक्षाने घेतले, आणि त्या पक्षाच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. विरळ वस्तीच्या त्या मुलखातून निघालेली ठिणगी आमच्या चाळींपर्यंत पोहोचली, ती अशी.

मत मिळाले, मग सर्व मिळाले काय? ज्या चिकट मातीने कापूस दिला, तीच माती पाणी जिरू देत नाही. त्यामुळे साध्या शौचटाक्या तेथे तुंबतात. अनेक घरांचे सांडपाणी व मैला परसात उघड्यावर साचतो. या जमिनीला जुळणारी टाकी गरिबाला परवडत नाही आणि घरे विखुरलेली असल्यामुळे गटारयोजना परवडत नाही, असे सांगण्यात येते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५५ जणांपैकी १९ जणांत आकडेकृमीच्या खुणा आढळल्या. जगातील सर्वांत धनाढ्य राष्ट्रात हे घडते! २०२३ साली केंद्रीय न्यायखात्याने राज्याच्या आरोग्यखात्याशी या प्रश्नी करार केला. एप्रिल २०२५ मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला. आधी माणसांना हुसकावून वस्ती विरळ करावयाची, आणि मग वस्ती विरळ आहे म्हणून उरलेल्यांना सोयी नाकारावयाच्या, हा तो न्याय!

आता आमच्याकडे वळू. लाउंड्समध्ये ते बहुसंख्य असूनही भूमिहीन होते. आम्ही तर गावोगाव अल्पसंख्य आणि भूमिहीनही. गावाबाहेर दहा-वीस घरे, हाच आमचा भूगोल. म्हणूनच १९४२ च्या नागपूर परिषदेत स्वतंत्र वसाहतींची मागणी पुढे आली, आणि १९४७ च्या आपल्या निवेदनात बाबासाहेबांनी तिला जमिनीच्या प्रश्नाशी जोडले. विखुरलेपण हेच आमच्या दुर्बलतेचे मूळ आहे, हे त्यांनी जाणले होते. १९५६ च्या धम्मदीक्षेने आमचे मन त्या गावकुसातून मुक्त केले. परंतु नोंदीतील धर्म बदलताच केंद्रीय सवलतींवरील आमचा हक्क गेला आणि तो परत मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. नोंदीचा एक शब्द माणसाचे किती हिरावू शकतो, हे आम्हाला कोणी शिकवावयास नको.

१ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक असलेल्या जनगणनेत जातींचीही नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२५ साली जाहीर केला. आपली नोंद प्रत्येकाने डोळ्यांत तेल घालून पाहावी, हे तर खरेच. परंतु नुसत्या डोक्यांच्या संख्येवर समाधान मानू नये. प्रत्येक समाजाच्या संख्येशेजारी त्याच्याकडे किती जमीन आहे, घर कोणाच्या जागेवर आहे, पाणी किती दूर आहे आणि सांडपाणी कोठे जाते, हे आकडेही छापले जावेत, अशी मागणी आमच्या संघटनांनी केली पाहिजे. डु बॉइस यांचा अहवाल ज्यांनी नष्ट केला, त्यांना या आकड्यांचे सामर्थ्य पुरते ठाऊक होते. ते आम्हालाही ठाऊक असावे.