नाव बदलले, लॉगिन अडले?

लग्नानंतर आडनाव बदलले, ऑफिसने पोर्टलवरचे युजरनेमही बदलून दिले आणि दुसऱ्या दिवसापासून 'युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा'! बहुतेक जण लगेच पासवर्ड बदलायला धावतात. पण पुष्कळदा पासवर्ड बरोबरच असतो. मोबाइलमधला ब्राउझर साठवलेले जुने नाव गुपचूप भरत राहतो. चार-पाच प्रयत्नांत खाते लॉक होते, ते वेगळेच.

म्हणून आधी नवे नाव स्वतः टाइप करा. जमले, तर क्रोमच्या सेटिंग्जमधील पासवर्ड मॅनेजरमध्ये जुनी नोंद दुरुस्त करा. नाहीच जमले, तर फक्त त्या साइटच्या कुकीज पुसा. सगळ्या पुसल्या, तर इतर साइटवरही पुन्हा लॉगिन करत बसाल.

खरे तर हा ताप वापरणाऱ्याच्या माथी का? पॅनवरचे नाव बदलले तरी क्रमांक तोच राहतो. वेबसाइटनेही खाते आतल्या क्रमांकाशी बांधावे, जुने नाव दुसऱ्या कुणाला देऊ नये आणि त्या नावाने येणाऱ्याला निदान काही महिने आत घ्यावे. तोवर हेल्पडेस्कला फोन करताना 'पासवर्ड रीसेट करा' एवढेच म्हणू नका; युजरनेम कधी बदलले, तेही सांगा.