लाईटचें काम

इंग्रजी भाषेंतील जे शब्द आपल्याला सर्वांत आधीं येतात, तेच पुष्कळदां सर्वांत शेवटीं समजतात. ‘लाईट’ हा त्यांपैकींच एक. शाळेचें तोंडही न पाहिलेली आजीबाई ‘लाईट लाव’, ‘लाईट गेली’, ‘लाईटबिल भरलें का’ असें दिवसांतून दहा वेळां म्हणते. आणि वीज व बत्ती हे आपले शब्द स्त्रीलिंगी, म्हणून लाईटलाही आपण स्त्रीलिंगांत बसवून घरची लेक करून टाकलें आहे. परंतु या लेकीच्या माहेरीं तिच्याच नांवाची, तिच्याच चेहऱ्याची, पण अगदीं निराळ्या कुळांतली दुसरी एक मुलगी वाढलेली आहे, याची आपल्याला वार्ताही नसते. मला ती एका कागदाच्या निमित्तानें झाली, तीच हकीकत या वेळीं वाचकांस सांगावी असें मनांत आहे.

वसई तालुक्यांत मुंबई-अहमदाबाद हमरस्त्याजवळ वालीव म्हणून गांव आहे. पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर आणि अलीकडे लहानमोठ्या कारखान्यांच्या गाळ्यांच्या रांगा, असें त्याचें आजचें स्वरूप आहे. २०१४ सालीं ठाणें जिल्ह्याचे दोन भाग होऊन पालघर जिल्हा झाला, तेव्हांपासून तें या नव्या जिल्ह्यांत मोडतें. तेथील एका गाळ्यांत माझा पुतण्या पत्र्याचे सुटे भाग करवितो, आणि निवृत्त झाल्यापासून मी आठवड्यांतून दोन दिवस त्याच्या हिशेबाच्या वह्या पाहावयास जातों. मास्तरकी सुटली तरी नांव सुटलें नाहीं. गाळ्यांतील सर्व मंडळी मला मास्तरच म्हणतात.

गेल्या पावसाळ्यांत त्या गाळ्यांतील एका जुन्या कामगाराचें हर्नियाचें ऑपरेशन झालें. महिन्याभरानें तो कामावर रुजू होण्यास आला, तेव्हां बरोबर त्याची पत्नी आणि आठवींत शिकणारा मुलगा होता. डॉक्टरांनीं दिलेल्या कागदावर, सहा आठवडेपर्यंत फक्त ‘लाईट वर्क’ द्यावें, अशा अर्थाचें इंग्रजी वाक्य होतें. तें मुलानें आदल्या रात्रीं घरीं वाचून दाखविलें होतें, आणि त्याचा अर्थ सांगितला होता, ‘बाबांना लाईटचं काम द्यायचं.’ त्या माउलीस रात्रभर झोंप आली नव्हती. शिडीवर चढून तारा जोडतांना विजेचा धक्का बसून पडलेला एक शेजारी तिनें डोळ्यांनीं पाहिला होता. ती मला म्हणाली, “मास्तर, पोटाला टांके आहेत अजून. शिडीवर चढवूं नका हो यांना.”

मीं मुलास जवळ बोलाविलें. त्याची चूक चुकीसारखी नव्हतीच. ज्या भाषेंत तो जन्मला तिच्यांत ‘लाईटचें काम’ म्हणजे तारांचें काम, यांत संशय नाहीं. तेव्हां मीं त्याला ती दोन कुळांची गोष्ट सांगितली. उजेड या अर्थाचा इंग्रजी लाईट, जर्मन लिख्ट, लॅटिन लुक्स आणि आपल्या संस्कृतांतील ‘रुच्’, म्हणजे प्रकाशणें, हा धातु, हीं सर्व एका मुळाचीं भावंडें आहेत. ‘रुचि’ या शब्दाचा जुना अर्थ तेज असाच आहे. जें झळकलें तें मनास भावलें, आणि मनास भावणारें तें आतां आपल्याला ताटांत रुचतें. वजनानें थोडा या अर्थाचा लाईट मात्र याहून अगदीं वेगळा. त्याचे सोयरे जर्मन लाइख्ट, लॅटिन लेविस् आणि संस्कृत ‘लघु’ हे होत. दोन घराण्यांतील हे दोन शब्द झिजत झिजत एका रूपास येऊन पोहोंचले, एवढाच त्यांचा संबंध.

या दुसऱ्या कुळाचा विस्तार मोठा मौजेचा आहे. घोड्यावरून खालीं उतरणें यास इंग्रजींत जो शब्द आहे तो यांतूनच निघाला, कारण स्वार उतरला म्हणजे घोड्याचा भार कमी होतो. खाटिक जनावराच्या फुफ्फुसांस ‘लाईट्स’ म्हणतात, कारण सर्व अवयवांत तीं वजनानें थोडीं. पहिलें कुळही कांहीं लहान नाहीं. प्रकाश वर्षभरांत जें अंतर तोडतो, सुमारें ९.४६ लक्ष कोटि किलोमीटर, त्यास प्रकाशवर्ष म्हणतात; आणि तें नांवानें वर्ष असलें तरी काळाचें माप नव्हे, अंतराचें आहे. इंग्रजी कायद्याच्या बोलींत ‘लाईट’ म्हणजे खिडकीसुद्धां होते. आपल्याकडील १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यांतही, एखाद्या इमारतीस वीस वर्षें अखंड व निर्वेधपणें मिळत आलेल्या उजेडावर हक्क सांगतां येतो.

इतकें सांगून मी त्या कामगाराकडे वळलों आणि मोठ्या समाधानानें म्हणालों, “डॉक्टर इतकंच म्हणतात कीं, तुला सहा आठवडे हलकं काम द्यावं.” माझी अपेक्षा अशी कीं, आतां सर्वांचे चेहरे उजळतील. पत्नीचा उजळलाही; पण त्याचा मात्र पडला. थोडा वेळ तो खालीं पाहत राहिला, मग म्हणाला, “मास्तर, बारा वर्षं मशीन चालवलं. कधीं माल बिघडवला नाहीं. आतां हलकं काम देणार मला?”

मी ओशाळलों. मुलानें अर्थ चुकविला होता. मीं अर्थ बरोबर सांगून शब्द चुकविला होता. कोशांत लाईट म्हणजे हलका हें कोणीही मान्य करील. फार काय, हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत: लघु शब्दाचें प्राकृतांत ‘लहु’ झालें, अक्षरांची अदलाबदल होऊन ‘हलु’ झालें, आणि त्यांतूनच आपले ‘हळू’ व ‘हलका’ आले. पण मूळ एक असलें म्हणून पुढचें वर्तन एक असतें असें नाहीं. आपल्या ‘हलक्या’नें वाटेंत एक दुर्गुण उचलला. हलका आहार, हलकी झोंप, हलका पाऊस हें सर्व ठीक; पण हलका माणूस, हलक्या घरचा, हलक्या कानाचा, हलकें काम म्हटलें कीं तराजू वजनाचा राहत नाहीं, प्रतिष्ठेचा होतो. आणि हा दुर्गुण शब्दास आपोआप जडलेला नाहीं. ज्या घरांतून असें मासिक वाचलें जातें, त्या आपल्या सुशिक्षित घरांतून पिढ्यान् पिढ्या माणसें आणि त्यांचे धंदे या शब्दानें तोलले गेले आहेत. आपण बोललों आणि विसरलों. ज्यांना उद्देशून बोललों, ते विसरले नाहींत. त्या दिवशीं माझ्या मनांत यत्किंचितही तसा भाव नव्हता, पण ऐकणाऱ्याच्या कानांत शब्द आपला सारा पूर्वेतिहास घेऊन शिरतो, बोलणाऱ्याचा हेतु तेवढा घेऊन शिरत नाहीं.

काय बोलावें हें सुचेना, तेव्हां मला बार्शी लाईट रेल्वेची आठवण झाली. ही चिमुकली आगगाडी १८९७ त सुरू झाली आणि १९०६ त पंढरपूरपर्यंत पोहोंचली. नांवांत लाईट असलें तरी तें दिव्यांवरून पडलेलें नव्हे. अडीच फूट रुंदीचे रूळ आणि त्यांच्या बेताचीच गाडी, अशी ती रचना. कॅल्थ्रॉप नांवाच्या इंग्रज इंजिनियरानें ती आंखतांना असें ठरविलें कीं, कोणत्याही आंसावर पांच टनांपेक्षां अधिक भार पडूं नये. भार सर्व आंसांवर सारखा वांटावा, म्हणजे हलक्या रुळांवरूनही पुष्कळ माल आणि माणसें सुखरूप जातील. तशीं तीं गेलीं. विठोबाच्या यात्रेस निघालेल्या वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या त्या गाडीनें पंढरीस पोहोंचल्या. तिला कोणी हलकी म्हणून हिणविलें नाहीं. भार मोजून दिला होता, इतकाच तेथें ‘लाईट’चा अर्थ.

हें सारें मीं त्या कामगारास जमेल तसें सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं. बोलली ती त्याची पत्नी. “म्हणजे झेपेल तेवढंच काम, असंच ना मास्तर?” ती म्हणाली. “जड उचलायचं नाहीं, बस्स.”

तीस वर्षें मुलांकडून इंग्रजी उतारे मराठींत उतरवून घेतलेल्या मला जो शब्द सांपडला नव्हता, तो त्या बाईनें सहज उचलून दिला. ‘झेपेल तें काम’ यांत काम लहान होत नाहीं आणि माणूसही लहान होत नाहीं. मोजला जातो तो भार. डॉक्टरांना हेंच म्हणावयाचें होतें. पुतण्यानें त्याला तयार मालाची मोजणी आणि नोंद यांवर बसविलें, आणि सहा आठवडे पुरे झाल्यावर तो पुन्हां आपल्या मशीनवर उभा राहिला. मुलानें त्या कागदाच्या पाठीवर पेन्सिलीनें आईचे शब्द लिहून घेतले होते, तेवढे मीं पाहिले.

परक्या शब्दाचा अर्थ विचारावयास आपण कोशाकडे जातों, आणि तें योग्यच आहे. परंतु तो अर्थ ज्याला सांगावयाचा त्याच्या कानीं आपला शब्द कसा पडेल, हें कोणताही कोश सांगत नाहीं. तें माणसासच विचारावें लागतें. वाचकांनीं एक आठवडाभर आपल्या घरांत ‘हलका’ हा शब्द कोण, कोणाविषयीं उच्चारतो, याकडे लक्ष द्यावें, एवढीच या वेळची विनंती.