दौलतजादा कोणाच्या पदरात?

फर्दापूरच्या माथ्यावरील अजिंठ्यात, पहिल्या लेण्यातील महाजनक जातकाच्या चित्रात, नर्तकीभोवती बासरी व इतर वाद्ये वाजविणाऱ्या स्त्रिया रंगविलेल्या आहेत. त्यांचा आश्रयदाता राजा होता. पुढे राजा गेला, सरदार आला. तो गेला आणि ठेकेदार आला. कलावंताचा आश्रयदाता बदलला, परावलंबन मात्र सुटले नाही. आज मोबाइलच्या पडद्यावर रंगणाऱ्या थेट मैफलींनी ते सुटेल, असे सांगितले जात आहे. या दाव्याची तपासणी व्हावयास हवी.

२५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी सुरू झाली, तो दिवस गुढीपाडव्याचा होता. पाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांत तमाशाच्या सुपाऱ्या ठरतात आणि चैत्रातील जत्रांवर शेकडो कुटुंबे वर्ष काढतात. तो हंगाम बुडाला. त्या काळात अनेक गायक-वादक फेसबुक व यूट्यूबवरून थेट रसिकांसमोर आले. श्रोता फर्माईश करी, नावानिशी दाद देई, पैसेही पाठवी. कलावंत आणि रसिक यांच्यातील अंतर कमी झाले, हे मान्य केले पाहिजे. फर्दापूरसारख्या गावाला त्याचे मोल अधिक आहे. सात वर्षांच्या खंडानंतर २०२३ मध्ये वेरूळ-अजिंठा महोत्सव भरला, तोही अजिंठ्यापासून सुमारे १०० किलोमीटर दूर, छत्रपती संभाजीनगरच्या सोनेरी महालात. महोत्सवाला नाव अजिंठ्याचे, पण पायथ्याच्या रसिकाला मैफल दूरच राहिली.

तथापि, अंतर मिटले म्हणून मध्यस्थ मिटला असे नव्हे. फडात रसिक दौलतजादा करतो तेव्हा नोट कलावंताच्या हाती पडते. यूट्यूबवरील ‘सुपर चॅट’ ही तिचीच नवी आवृत्ती. तेथे मात्र शंभर रुपयांतील सुमारे ३० रुपये कंपनी ठेवते. जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा हवा असेल, तर १,००० वर्गणीदार आणि लांब चित्रफितींसाठी वर्षभरात ४,००० तासांचे प्रेक्षण जमवावे लागते. नामांकित गायकास हे सहज साधते. खेड्यातील ढोलकीवाल्यास नाही. ज्याच्यापाशी आहे त्यालाच अधिक मिळावे, हा बाजाराचा जुना नियम पडद्यावरही लागू आहे.

कायदा अगदीच मुका नाही. प्रतिलिप्यधिकार कायद्यात १९९४ साली सादरकर्त्याचे हक्क आले आणि २०१२ च्या दुरुस्तीने ते विस्तारले. परंतु संघटना नसलेल्या कलावंताचा हक्क कागदावरच राहतो. २०२१ मध्ये राज्य सरकारने लोककलावंतांना एकरकमी ५,००० रुपयांचे साहाय्य जाहीर केले. ते साहाय्य होते, हक्क नव्हे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. कंपन्यांच्या कपातीवर कायद्याने मर्यादा घालावी. प्रत्येक जिल्ह्यात कलावंतांची सहकारी संस्था उभी राहावी. ध्वनियंत्रणा, कॅमेरा व इंटरनेट जोडणी तिच्या मालकीची असावी आणि आरंभीचे भांडवल शासनाने द्यावे.

कार्यकर्त्यांनी मात्र शासनाची वाट पाहू नये. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी गावोगाव चावडीवर रंगमंच उभारले, तेव्हा कोणाच्या परवानगीची वाट पाहिली नव्हती. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पडदा लावावा, दूरच्या कलावंताला थेट गाववावे, आणि जमलेली वर्गणी यूपीआयने त्याच्याच खात्यावर धाडावी. दौलतजादा ज्याने गायिले त्याच्याच पदरात पडली पाहिजे.